अनिलचे मेल आणि एका कॉम्प्युटरच्या दोन बाजू

१० ऑक्टो. ९९, रवि.
नितीनने शेवटी कॉम्प्युटरवर लिनक्स टाकलंच. सकाळपासून जेवायलाही उठला नाही. ठाण्याच्या एका कंपनीत इंटरव्ह्यूला बोलावणार आहेत, त्यांना लिनक्स येणारा माणूस हवाय. दिराची नोकरी लागत असेल तर मी कशाला नाही म्हणू? फक्त एवढंच बजावलं, की माझ्या विंडोजला आणि माझ्या मेलला धक्का लागता कामा नये. अनिल जहाजावर असला की या डब्याशिवाय दुसरं आहे काय माझ्याकडे.

आता चालू केलं की काळा पडदा येतो आणि विचारतो, कुठे जायचंय. मी विंडोज निवडलं. ब्राउझर तसाच, साठवून ठेवलेली पानं तशीच, अ.चे जुने मेल सगळे जागेवर. हुश्श.

"वहिनी, मी बाजूला राहतोय हे तुला कळणारसुद्धा नाही," नितीन.

१४ ऑक्टो., गुरु.
मेल नाही. शेवटचा डर्बनहून आलेला. पुढचं बंदर सांतोस, ब्राझील. बंदराला लागलं की आधी खलाशांच्या क्लबात जाऊन तुला लिहितो, मग दाढी करतो, असं अ. नेहमी सांगतो. म्हणजे अजून दाढी वाढलेलीच.

कंपनीत निघायच्या आधी सांतोसच्या हवामानाचं पान उघडून बघितलं. ऊन आहे.

वागळे इस्टेटला पोचले तोच साहेबांनी आत बोलावलं. मेंटेनन्स फोरमनची जागा अजून भरलेली नाही. "मिस्टरांचं काय ठरलं? जहाजाच्या इंजिनावर काम केलेला माणूस मला हवाच आहे. पण दिवाळीपर्यंतच थांबू शकतो." म्हटलं, लिहिलंय त्यांना, उत्तर येईल.

खरंच लिहिलंय. डर्बनच्या मेलला उत्तर म्हणून सरळच लिहिलं, की उतर आता, इथे जागा आहे, वर्षातले दोन महिने नवरा हे काय खरं नाही. जरा जास्तच सरळ झालं का?

१९ ऑक्टो., मंगळ.
विजयादशमी. कंपनीला सुट्टी. सकाळी आईंबरोबर विहारात. पांढरी साडी नेसून त्या पुढे बसलेल्या, वंदना म्हणताना आवाज नेहमीसारखा खणखणीत नाही लागला. बाहेर आल्यावर जो तो विचारतो, अनिल कसा आहे, कुठे आहे आता. आई सगळ्यांना सांगत होत्या, "ब्राझीलला पोचला." घरी येताना कोपरच्या पुलावर हळूच मला विचारलं, "पोचला ना गं?"

जहाज लेट असेल म्हटलं. रोज दोनदा नेटची लाइन लावते, मेल आणायचं बटण दाबते. "नवीन संदेश नाहीत." हे वाक्य आता डोळे मिटले तरी दिसतं.

नितीनचंही लक्ष नाही. आज अभ्यासाला बसला नाही. "वहिनी, जहाज कंपनीच्या एजंटच्या ऑफिसला फोन कर. मला पण चैन पडत नाहीये."

२२ ऑक्टो., शुक्र.
लंच टाइममध्ये कंपनीतून फोन केला. एजंटकडचा माणूस कागद चाळत बसला, मी रिसीव्हर घट्ट धरून. मग म्हणाला, "मॅडम, जहाज सांतोसला वेळेवर आलं, माल भरला, सोमवारी निघालं पण. सगळं व्यवस्थित."

आधी इतकं बरं वाटलं की खुर्चीत बसूनच राहिले. जहाज आहे. माणसं आहेत. आईंना लगेच कळवायला घरी फोन लावला.

मग लोकांची जेवणं झाली, डबे धुतले, आणि डोक्यात आलं. जहाज आलं आणि गेलं. म्हणजे क्लब होता, कॉम्प्युटर होता, वेळ होता. आणि तरी त्याने मला

नको. लिहायलाच नको.

२४ ऑक्टो., रवि.
आजचं आजच लिहिणार.

सकाळी नितीन म्हणाला, "वहिनी, सारखं तेच बटण दाबून काही होणार नाही. ये, तुला माझी बाजू दाखवतो. तेवढंच मन रमेल." बसले त्याच्या लिनक्समध्ये. ब्राउझर तोच, रंग जरा वेगळे. म्हटलं, माझी पानं कुठायत, मला बंदराचं हवामान बघायचंय. "ती विंडोजमध्ये. दोन्हीकडे वेगळी खाती असतात गं, इकडचं तिकडे जात नाही." मग हे पाकीट कसलं? असं म्हणत कोपऱ्यातल्या पाकिटावर मीच क्लिक केलं.

तीन मेल. तिन्ही ठळक अक्षरांत, न वाचलेले. तिन्हींवर अनिलचं नाव.

किती वेळ नुसतं बघत होते कुणास ठाऊक. नितीनचा चेहरा पांढराफटक. "वहिनी... मी फक्त तुझ्या मेलच्या सेटिंग इकडे उतरवल्या. नेट चालतं का बघायला. दर दहा मिनिटांनी मेल आण, ही तुझीच सेटिंग, ती पण तशीच आली. मी पाकीट उघडलंच नाही कधी, तुमचे मेल मी कशाला बघू? आणि इकडे आणला की तिकडे सर्व्हरवरून पुसला जातो, हे मला खरंच..."

मी काही ऐकत नव्हते. वाचत होते.

पहिला : पोचलो, उकडतंय, तुझा मेल वाचला. दुसरा, त्याच दिवशी संध्याकाळचा : विचार केला, तू म्हणतेस तसं करू. तुझं पक्कं असेल तर सिंगापूरला उतरतो. पण कॅप्टनला आधी सांगावं लागतं, बदली माणूस मागवायला. सोमवारी निघायच्या आत हो म्हण, लगेच सांगतो. तिसरा, निघायच्या सकाळचा : तीनदा क्लबात येऊन गेलो. तुझं काहीच नाही. रागावलीस का? की विचार बदलला? मी कॅप्टनला काही बोलत नाही मग. जपून राहा. आईला सांग, मी बरा आहे.

आई पोळ्या टाकून धावत आल्या. त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. शेवटच्या ओळीला रडू फुटलं. आईंनी पिठाचा हात तसाच डोक्यावर ठेवला माझ्या. "रडू नको. आहे ना तो? आहे. मग बाकीचं होतं." आणि नितीनला म्हणाल्या, "तू पण ऊठ तिथून, तोंड धू. कोणी मेलेलं नाहीये."

रागवायचं विसरूनच गेले. इतकं हलकं वाटतंय की रागाला जागाच नाही. लगेच उत्तर लिहिलं. पण ते तो सिंगापूरला वाचणार. तोपर्यंत बदली माणसाची वेळ गेलेली असेल. आणि तोवर समुद्रात माझा नवरा समजणार, की बायको रुसलीय.

२५ ऑक्टो., सोम.
अर्धी रजा टाकून फोर्टला एजंटच्या ऑफिसात. फोनवर नाही म्हणता येतं, समोर उभं राहिल्यावर कठीण जातं. तो शुक्रवारचाच माणूस. "मॅडम, जहाजावरचा टेलेक्स कामासाठी असतो. घरच्या निरोपांना नाही." म्हटलं, माणूस उतरणार की नाही, बदली पाठवायचा की नाही, हे काम नाही तर काय आहे? त्याने माझ्याकडे बघितलं, कागद पुढे सरकवला. "दोन ओळी. त्यात बसवा."

बसवलं. मेल उशिरा मिळाले. राग नाही. सिंगापूरला उतर. सुषमा.

कागद वाचून तो हसला. "'राग नाही' पण पाठवायचंय?" म्हटलं, तेच आधी पाठवा.

३१ ऑक्टो., रवि.
आठवडाभर नितीन माझ्या नजरेला नजर देत नव्हता. आज सकाळी बघते तर पुस्तकं बांधून ठेवलेली. "वहिनी, लिनक्स काढून टाकतो. परत असं व्हायला नको." मी म्हटलं, आणि इंटरव्ह्यू? काही काढायचं नाही. दोन्ही बाजूंना एकच कपाट दिसेल असं काही करता येत नाही का? त्याने पुस्तकांची गाठ सोडली. मग म्हणाला, "येतं. डी ड्राइव्ह दोन्हीकडून दिसतो. मेलचा फोल्डर आणि पानांची फाइल तिथे ठेवायची, आणि दोन्ही ब्राउझरना सांगायचं, तिथेच बघा." मग सांग मला, म्हटलं, माझी बाजू मी करणार.

आधी सगळं फ्लॉपीवर घेतलं. लिनक्समधले तिन्ही मेल पण. याबाबतीत मी आता कोणाचंच ऐकणार नाही. मग विंडोजमध्ये मी स्वतः फोल्डर हलवला, सेटिंगमध्ये नवीन पत्ता टाकला. बंद केलं, चालू केलं. सगळं आहे! नितीनने त्याच्याकडून तेच केलं. तिकडे मेल दिसले, पण नवीन काही साठवेना. डी ड्राइव्हवर लिहायची परवानगी नव्हती, ती त्याने कुठल्याशा फाइलमध्ये एक ओळ घालून दिली. मग झालं.

परत विंडोजमध्ये आलो तर इनबॉक्स रिकामा.

पूर्ण रिकामा. लग्नानंतरच्या पहिल्या ट्रिपपासूनचे सगळे मेल. फ्लॉपी आहे हे माहीत असूनसुद्धा मी परत परत क्लिक करत राहिले. नितीन म्हणाला, "थांब, घाबरू नको, फाइलचा आकार बघ." बघितलं, फाइल भरलेली होती, पहिल्यापेक्षा मोठीच. आतला माल शाबूत, फक्त ब्राउझरने बनवलेली यादी बिघडलेली. ती यादीची छोटी फाइल उडवायची, तो परत नवी बनवतो. उडव, म्हणाला. मी डिलीटवर बोट ठेवून बसले. "वहिनी, उडव."

उडवली. ब्राउझर उघडला. डिस्क घरघरली आणि एकेक ओळ खाली यायला लागली. डर्बन, मोम्बासा, रॉटरडॅम... आणि सगळ्यात शेवटी सांतोस, सांतोस, सांतोस. माझ्या बाजूला.

दोघंही हसत सुटलो. आई म्हणाल्या, काय लॉटरी लागली का.

पत्त्यांची वही मात्र जमली नाही, दोघांची भाषा वेगळी आहे म्हणे. राहू दे. मला एकच पत्ता लागतो, तो पाठ आहे. मेल वाचल्यावरही सर्व्हरवर राहू दे, ही खूण दोन्हीकडे केली. नितीनने केली, मी तपासली.

४ नोव्हें., गुरु.
एजंटचा फोन, थेट कंपनीत. "मॅडम, जहाजावरून उत्तर आहे तुम्हाला. वाचू?"

निरोप मिळाला. फार बरं वाटलं. कॅप्टनशी बोलतो. अनिल.

"'फार बरं वाटलं' हे पण टेलेक्सने आलंय हां," तो म्हणाला. हसत होता. मी पण.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, दिवाळीनंतर थोडं अजून थांबतो, पण मग पक्कं हवं. येताना आईंसाठी सोनकेळी घेतली. आज जेवण गेलं नीट. किती तरी दिवसांनी.

१२ नोव्हें., शुक्र.
नितीनचा इंटरव्ह्यू झाला. कळवतो म्हणाले. तोंडावरून काही कळत नाही, पण घरी येऊन दोन ताटं भात खाल्ला, म्हणजे वाईट नसावा. आता आम्ही दोघं बिनधास्त कुठूनही मेल बघतो. सकाळी तो लिनक्समधून, रात्री मी विंडोजमधून. मी साठवलेली बंदराची पानं त्याच्याकडे दिसतात, त्याची ती रुक्ष पुस्तकी पानं माझ्याकडे. काल त्याने माझ्या यादीत सिंगापूरचं हवामान न सांगता घालून ठेवलेलं. बरं वाटलं.

२१ नोव्हें., रवि.
सिंगापूर! सकाळी नितीनने हाक मारली, "वहिनी, लवकर ये, मी हात नाही लावलाय." लिनक्समध्येच वाचला, विंडोजमध्ये जाण्याइतका धीर नव्हता.

मोठा मेल. पोचलो. बदली माणूस कोलंबोहून येतोय, मंगळवारी. उतरता येईल. पण मग खाली : चीफ इंजिनिअर म्हणतोय, अजून सहा महिने थांबलास तर वरच्या जागेसाठी शिफारस करतो. मी अजून काही बोललो नाही त्याला. तू म्हणालीस उतर, म्हणून उतरणारच आहे. फक्त जमिनीवर मला करमेल का, हे कधी कधी वाटतं. कॅप्टनला उद्या संध्याकाळपर्यंत पक्कं सांगायचंय.

दोनदा वाचला. आईंना वाचून दाखवला. त्या भाजी निवडत होत्या. निवडता निवडताच म्हणाल्या, "सुषमा, अगं, तू त्याला उतर म्हणालीस. तो हो म्हणाला. पण त्याला काय हवंय, हे कोणी विचारलं का?"

नाही विचारलं. मी नाही, त्यानेही स्वतःला नाही.

म्हटलं, मग विचारते. साधं लिहिलं. तू ये असं मला वाटतं, ते खोटं नाही. पण तुला काय हवंय ते मला आधी लिही. काहीही लिहिलंस तरी मी रागावणार नाही, हे या वेळी आधीच सांगून ठेवते. पाठवलं. गेला, असं दिसलं.

नितीन म्हणाला, संध्याकाळी परत लाइन लावू. लावली. अजून नाही. पण तिथे आता उशीर झालाय, क्लब बंद झाला असेल, सकाळी उघडेल. आई म्हणाल्या, उतरला तर गादी जमिनीवर घालायची, पलंग त्याला आता अरुंद पडेल. आणि नाही उतरला तर? तर त्या दिवा लावायला उठल्या.

उद्या साहेब विचारतील. खरं तेच सांगणार. अजून ठरलं नाही, पण विचारलंय.