कागदाची मागची बाजू

रत्नागिरी,
९ डिसेंबर २०२४

ती. जनीआक्कांस,
तुळसाचा सा. न. वि. वि.

त्या सकाळी मी मोरीपाशी बसून बांगडे साफ करत होते. त्याआधी पाणी भरून झालं होतं, ह्यांचे दोन सदरे धुऊन वाळत घातले होते, परड्यातल्या अळूला पाणी सोडलं होतं. अकराच्या सुमारास पोस्टमन येऊन गेला. थोड्या वेळाने हे हातात कागद घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आले आणि मला काही दाखवायचंय म्हणाले. माझे हात मासळीने भरलेले. मी म्हटलं, नंतर बघते, आधी जेवून घ्या. ते परत गेले. जेवले, खुर्चीत टेकले. तीन वाजता मी चहा घेऊन गेले, तर उठले नाहीत. काय दाखवायचं होतं ते मी विचारलंही नव्हतं.

आज सत्तावीस दिवस झाले. हर्षद तेरावं करून मस्कतला गेला. मलाही चल म्हणत होता. तुझ्या बाबांनी त्या अरबी देशांत तेवीस वर्षं काढली ती इथे परत येण्यासाठी, मी तिथे जाऊन काय करू, असं त्याला सांगितलं. पावसला हे ज्यांच्या गुडघ्याचा व्यायाम करून घ्यायला जात, त्या काकूंनी परवा फोन करून डॉक्टर कधी येणार म्हणून विचारलं. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं.

आता तुमच्याविषयी. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाच्या झटक्याने तुमचा उजवा हात लुळा पडला, तेव्हा ह्यांनी नेम घालून दिला, की फोनवर खुशाली सांगायची नाही, आठवड्याला एक पत्र स्वतःच्या हाताने लिहायचं. दर मंगळवारी तुमचं पत्र यायचं. हे पट्टी घेऊन त्यातली अक्षरं मोजायचे, आणि तुम्ही तिकडे चिडायचात. आता चार आठवडे काहीच नाही. त्या संध्याकाळी राजापूरहून आलात, तेव्हाही पदर तोंडावर घेऊन पडवीतच बसलात, आत आला नाहीत. तेव्हा विचारायचं भान नव्हतं. आता विचारते.

हात चालू ठेवा. लोभ आहे तो असू द्या, मला तो आता जास्त लागणार आहे.

तुमची भावजय,
तुळसा


राजापूर,
१६ डिसेंबर २०२४

चि. तुळसास,
जनीआक्काचे आशीर्वाद.

अक्षर माझ्या सुनेचं, मृणालीचं आहे. मी सांगते, ती लिहिते. तिने सवयीने तुझ्या नावामागे सौ. लिहिलं, मग दुसरा कागद घेतला.

तुझं पत्र तीनदा वाचून घेतलं. त्याच्या हातात कुठला कागद होता ते मला ठाऊक आहे. माझं पत्र होतं ते, शनिवारी टाकलेलं. त्याआधी त्याने लिहिलं होतं, की माझा क म्हणजे निजलेलं मांजर दिसतं, आणि तांदळातून कोकमाच्या बिया वेचायचा व्यायाम मी चुकवते हे त्याला अक्षरावरून कळतं. चुकवत होते, म्हणून जास्तच झोंबलं. मी लिहिलं, बेनगाझीचे जखमी शिपाई पुन्हा पायांवर चालते केलेस म्हणून मला नाचवू नकोस. मी तुझी बहीण आहे, पेशंट नव्हे. आणि शेवटी लिहिलं, पुन्हा पट्टी लावलीस तर जन्मात तुझं तोंड बघणार नाही.

तसंच झालं. जिने असं लिहिलं तिने आत येऊन त्याला कसं बघायचं? म्हणून पडवीत बसले. कडेवर घेऊन शाळेत नेलंय गं त्याला मी.

एकच विचारते. त्याने ते वाचलं का? समजूत घालू नकोस, तुला ते जमतही नाही. बियांचा डबा मी मृणालीला माळ्यावर टाकायला सांगितलाय. बोटं पुन्हा आखडायला लागली आहेत. आखडू देत. त्या हाताने आता काही लिहायचं नाही.

माझ्यावरची माया आटवू नकोस, एवढंच मागणं.

तुझी,
जनीआक्का


रत्नागिरी,
२१ डिसेंबर २०२४

ती. जनीआक्कांस,
सा. न. वि. वि.

वाचलं. खोटं सांगणार नाही.

तुमचं पत्र आल्यावर ह्यांच्या खोलीतली फाइल मी पहिल्यांदा उघडली. तुमची सत्त्याण्णव पत्रं आहेत, तारखेप्रमाणे लावलेली. प्रत्येकावर पेन्सिलने आकडे. पहिल्या पत्रात अक्षराची उंची पंचवीस मिलिमीटर, यंदाच्या गणपतीत बारा, आणि ओळी सगळ्या उताराला लागलेल्या. शेवटच्या पत्राच्या कडेला ह्यांनी लिहिलंय ते जसंच्या तसं उतरवते. "उंची आठ. ओळ सरळ. दाब उत्तम, मागून हाताला लागतो. आक्का चिडली की हात चालतो. पुढच्या पत्रात आणखी चिडवणे." तोंड बघणार नाही, या ओळीखाली रेघ मारली आहे आणि पुढे लिहिलंय, "दोन वर्षांतली सगळ्यात चांगली ओळ."

आक्का, तुमच्या पत्रातले शब्द ते आधी वाचतच नसत. आधी कागद उलटा करायचे आणि मागून अंगठा फिरवून पेन किती दाबून चाललंय ते बघायचे. त्या दिवशी दारात आले तेव्हाही कागद उलटाच धरला होता. हर्षदचा बारावीचा निकाल आणला होता त्या दिवशीसारखा चेहरा होता. मला बोट फिरवून बघायला सांगणार होते. काल मी हात धुतले, पुसले आणि बोट फिरवलं. अक्षरं हाताला लागतात. मला अडतीस दिवस उशीर झाला. तुमच्याकडून काही चुकलेलं नाही.

लोकांच्या बाबतीत त्यांना कधी घाई नसायची. लग्नानंतर ते मस्कतला गेले, तेव्हा मी चौथी शिकलेली आणि तेही विसरलेली. त्यांची पत्रं शेजारचा काशीराम वाचून दाखवायचा, आणि फक्त माझ्यासाठी लिहिलेलं तेही हसत हसत मोठ्याने वाचायचा. मी रडून दुसऱ्या कुणाकडून तरी कळवलं. त्यानंतरच्या पत्रात एका पानावर चारच शब्द होते, बोटाएवढ्या अक्षरांत. पुढच्या महिन्यात सहा. दर खेपेला अक्षर थोडं बारीक होत गेलं. ते बेनगाझीला गेले तोवर मी दोन पानी पत्र एकटीने वाचत होते. पुढे सासूबाई अंथरुणाला लागल्या, तर कुवेतची नोकरी सोडून आले आणि चार महिन्यांत त्यांना तुळशीवृंदावनापर्यंत चालवलं. हे तुम्ही पाहिलंय. त्यांनी चालवलेला हात तुम्ही आखडू देणार असाल, तर ते मात्र त्यांना लागेल.

पत्र सोबत पाठवते. आधी मागून बोट फिरवा. मग डबा माळ्यावरून काढायला सांगा.

उलटसुलट लिहिलं असेल तर रागवा, पण कळवा.

तुमची,
तुळसा


राजापूर,
१ जानेवारी २०२५

तुळसा,

हात माझा आहे. बोट फिरवलं. दोन दिवस उशाशी ठेवलं पत्र. मेला तरी चिडवतोच आहे. डबा काढला. चार बिया वेचल्या, पाचवी सुटली. ओळ खाली चालली आहे, दिसतंय मला. आता पट्टी कोण लावणार?

जनीआक्का


रत्नागिरी,
६ जानेवारी २०२५

ती. जनीआक्कांस,
सा. न. वि. वि.

पत्र शनिवारी अकराच्या सुमारास आलं. पोस्टमनने हाक मारली ती ह्यांच्याच नावाने, आणि मग तो बिचारा खाली बघत उभा राहिला.

इकडे बरं म्हणावं असं काही नाही. तीन वाजता चहाला अजून दोघांचं पाणी ठेवलं जातं. त्या सकाळी वाळत घातलेले दोन सदरे घडी करून कपाटात आहेत. धुतले होते, त्यामुळे त्यांना ह्यांचा वासही नाही. एवढे दोनच नसते धुतले तर, असं मनात येतं.

त्या दिवशी पत्र उघडवलं नाही. देव्हाऱ्यापाशी ठेवून दिलं. तुमचा क अजून निजलेलाच आहे, हे मी लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही. आवडू नये म्हणूनच लिहिलं. लोभ राहू द्या, राग आला तरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी भरलं, अळूला पाणी सोडलं, हात धुतले, पत्र उघडलं, ह्यांची पट्टी घेतली आणि तुमची अक्षरं मोजली. उंची चौदा.

तुळसा