आईचा जबडा

३ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर मी नुसती रडते आणि तुला एक अक्षर कळत नाही, म्हणून तुझ्या हुकमाप्रमाणे लिहायला बसले आहे.

ठमीचा गाल सुजलाय. दुधाची दाढ किडून आत पू झालाय. डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढला, तो लगेच समोरच्या पडद्यावर मोठा होऊन दिसला. दाढेखाली कायमचा दात वाट बघत बसलेला. पू तिथवर पोचला तर तोही नासेल म्हणाल्या.

पण ही पोर तोंडच उघडत नाही. गेल्या खेपेला मी तिला काही दुखणार नाही म्हणून सांगितलं आणि सुई टोचल्यावर ती कळवळली. तेव्हापासून दातखीळ. परवा बाईंच्या बोटाला कडकडून चावली. येत्या सोमवारपर्यंत जमलं नाही, तर इस्पितळात पूर्ण भूल देऊन करावं लागेल. तिचा दमा तुला ठाऊक आहे. भुलीचं नाव निघाल्यापासून मी रात्री उठून तिचा श्वास ऐकत बसते. तिच्यासमोर मात्र मी हसतमुख असते.

काहीतरी सुचव. वहिनींना नमस्कार. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
छबू

६ जानेवारी

चि. छबूस,
अ. उ. आ.

मी घाबरलो नाही असं लिहिलं तर ते खोटं ठरेल. पण हातावर हात ठेवून बसण्यापेक्षा कामाला लागलो. दिवाणखान्यात रडून दात बरे होत नाहीत.

सुट्टीत बाईंनी ठमीच्या तोंडात पेनासारखा कॅमेरा फिरवला होता ना, ते स्कॅन मी मागवून घेतलं. कवळ्या आणि कॅप करणं हा माझा रोजचाच धंदा, त्यामुळे आमच्या थ्री-डी छपाईच्या यंत्रावर तिचा अख्खा जबडा छापलाय, दात न् दात हुबेहूब. कुरियरने पाठवतोय. तिला त्याच्यावर डॉक्टर-डॉक्टर खेळू दे. आणि दुखणार नाही असं पुन्हा सांगू नकोस.

तुझ्या दाताला कॅप बसवली तेव्हा केलेला तुझा जबडाही अजून माझ्या टेबलावर आहे. त्यात पेनं ठेवतो. तुझं तोंड गप्प असलेलं तेवढंच बघायला मिळतं. आज टेबल आवरताना तोही कागदात गुंडाळून ठेवला.

ठमीला पापा. आठवण अशीच राहू दे.

तुझा,
दादा

१२ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

शहाण्या, तू पुड्यांची अदलाबदल केलीस. रविवारी खोकं उघडलं तर आत माझा जबडा, पुढे आलेले दोन दात आणि तुझ्या पेनाची निळी शाई. दुसऱ्या दिवशी तर जायचं होतं.

ठमीने विचारलं हे कुणाचे दात, मी म्हटलं माझे. तिने ते स्वतःच्या ब्रशने घासले आणि उशाशी घेऊन झोपली.

सोमवारी खुर्चीत बसतानाही जबडा मांडीवर. काही होणार नाही, हे शब्द माझ्या ओठांवर आले होते, ते कसेबसे गिळले. ती मात्र माझ्याकडे बघतच नव्हती. तिने जबड्याला समजावलं की थोडं दुखेल, पण आधी मी जाते, तू फक्त बघ. आणि तिने आ केला. हिरडी बधिर करताना डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, पण तोंड मिटलं नाही. पू निघाला. खालचा दात सुखरूप आहे. भूल टळली.

येताना मी विचारलं, जबड्याला का समजावत होतीस. ती म्हणाली की आई दात दाखवून हसते तेव्हाच सगळ्यात जास्त घाबरलेली असते. दादा, मला भर रस्त्यात रडू आलं.

सोबत तिचं पत्र आहे. या वेडीवर लोभ कायम ठेव.

तुझी,
छबू

प्रिय मामा,
नमस्कार.

आईचा जबडा मी परत देणार नाही. त्याला पेनं आवडत नाहीत. माझा पण लवकर पाठव. पुढच्या सोमवारी दाढेला टोपी बसवायची आहे आणि आई बाहेर बसणार आहे. बाहेर एकटीला तिला भीती वाटेल. मी माझा जबडा तिच्या मांडीवर ठेवून आत जाईन.

तुझी,
ठमी