कुशीवर निजवलेली आई

न्यू बेडफर्ड, मार्च १८४४

फातूताई,

इथल्या चर्चचं व्यासपीठ, बारा बाकं, सात खिडक्यांच्या चौकटी आणि आपल्या गुलामीची कहाणी, एवढं मी या हातांनी केलं. लिहायलाही कुणी शिकवलं नाही. कहाणी छापायला पाद्री व्हिटकोम तयार आहेत, फक्त आईच्या मरणापाशी ते अडले.

"टायटस, शेवटी तिनं येशूचं नाव घेतलं, एवढं एक वाक्य घाल. लोक रडतील, पुस्तक हातोहात खपेल."

"ती अल्लाचं नाव घेत गेली, पाद्रीबाबा. मी उशाशी होतो."

"अरे, पण तू स्वतः ख्रिस्ती ना?"

"म्हणूनच खोटी साक्ष देणार नाही."

तुला आठवत असेल, आईला कबरीत मक्केच्या दिशेला, म्हणजे इथून पूर्वेकडे, तोंड करून उजव्या कुशीवर निजायचं होतं. ती उताणी कलंडू नये म्हणून मी शवपेटी चौदाच इंच रुंद केली. जॉर्जियातला तो मुकादम हसला होता, "काय रे, फळ्या चोरल्यास की म्हातारी वाळली?" मी खिळे ठोकत राहिलो. तेव्हा खरं बोलायची सोय नव्हती.

चार दिवस झाले, रंधा हातात धरवत नाही. हे पत्र मी पाठवणार नाही, कारण वाचून तू काय म्हणशील याची धास्ती वाटते. तुझा मालक तुला सोडायचे दोनशे ऐंशी डॉलर मागतो. त्या एका वाक्याचे पाद्री तीनशे देत होते. मी नाही म्हणालो.

तुझाच भाऊ,
टायटस