नकाशावरचा बाण

खाण वसाहत,
४ सप्टेंबर १९८५

ती. आण्णांस,
नंदिनीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

आईची चटणी पोचली. जमिनीखाली दोन किलोमीटरवर डबा उघडला की पाळीवरची सगळी माणसं माझ्याभोवती जमतात.

तिथं काय शोधतेस, असं विचारलंत. न्यूट्रिनो नावाचे कण आभाळातून येतात आणि पृथ्वीच्या आरपार जातात. क्वचित एखादा खडकावर आपटतो नि आमच्या यंत्रात रेघ उमटते. वर इतर कणांचा गलका फार, म्हणून आम्ही खाली. आपल्या आकाशगंगेत ते नेमके कुठून निघतात, हे अजून कोणालाच ठाऊक नाही. चार वर्षांतल्या सोळा रेघा हंस तारकासमूहाकडे बोट दाखवतात. दसऱ्याआधी माझ्या नावानं शोधनिबंध छापायला जाईल. मला फार आनंद झालाय.

आपली,
नंदिनी

कोल्हापूर,
१२ सप्टेंबर १९८५

चि. नंदिनीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र आईला दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आभाळातलं हुडकाय जमिनीत कशाला शिराय पायजे?" मी समजावलं, तिला पटलं नाही.

मी सरकारी मोजणी खात्यात तीस वर्षं जमिनी मोजल्या, म्हणून एक शंका. खाली तारा दिसत नाही, मग यंत्राची उत्तर दिशा कशावरून धरलीत? नकाशावरचा बाण पाहून धरली असेल, तर तो कोणी काढला ते विचार. तू जन्मलीस त्या साली पन्हाळ्याला असाच बाण खरा मानून मी पिराजीच्या शेताची हद्द आखली आणि त्याचा आंबा भावकीत गेला. नंतर गावासमोर चूक कबूल करून मीच हद्दीचा दगड हलवला. त्यापायी बदली झाली चंदगडला.

तुझा,
जोतीराम

खाण वसाहत,
३ ऑक्टोबर १९८५

ती. आण्णांस,
सा. न. वि. वि.

पत्रावर तारीख बाराची, शिक्का सतराचा. तुमचं पोस्ट आळशी झालंय.

दिशा मीच नकाशावरून घेतली होती. इथले जुने नकाशेवाले म्हणाले, खाणीची उत्तर म्हणजे सोन्याच्या शिरेची दिशा, कामाच्या सोयीसाठी धरलेली. खऱ्या उत्तरेपासून सात अंश लांब. पुन्हा गणित मांडलं. सोळातल्या पाचच हंसाकडे उरल्या, तेवढ्या योगायोगानं कुठल्याही दिशेला निघतात. निबंध पाकिटात तयार होता, तो मी आमच्या प्रयोगाच्या सरांकडून परत घेतला. रडले, खोटं कशाला सांगू. आता सगळं आभाळ पुन्हा पहिल्यापासून.

आपली,
नंदिनी

कोल्हापूर,
१० ऑक्टोबर १९८५

चि. नंदिनीस,
अनेक आशीर्वाद.

पोस्टाला बोल लावू नकोस. शंकेचं पत्र पाच दिवस माझ्या सदऱ्याच्या खिशात होतं. तुझा निबंध एकदा जाऊ दे, मग टाकू, असं मनात आलं होतं. आईनं सदरा धुवायला घेतला तेव्हा ते सापडलं. आत काय आहे ते मला सांगावं लागलं. ती म्हणाली, "पोरीला आदी कळू दे की. पेटी काय लांब न्हाय." आणि ओल्या हातानं तीच पेटीत टाकून आली.

दगड मी एकदाच हलवला, नंदिनी. दुसऱ्या खेपेला तिनं हलवला. चटणी पाठवली आहे.

लोभ आम्हा दोघांवर असू दे, तिच्यावर थोडा जास्त.

तुझा,
जोतीराम