टाकीच्या नळाची दोन पानं

प्रिय दादा,
धाकटीचा सगळ्यांना नमस्कार.

मी मजेत आहे. खोली उबदार आहे, जेवण वेळेवर होतं. प्रयोगशाळेतलं कामही तेच. उंदराच्या आतड्याचा बोटभर तुकडा कोमट खारट पाण्यात जिवंत ठेवायचा आणि त्याला विजेचे बारीक चिमटे द्यायचे. मग नुसता मऊ ब्रश लावला तरी तो पहिल्यापेक्षा जोरात आकसतो. डोक्याशी संबंध तुटलेला, तरी पठ्ठ्या शिकतो! आतड्याच्या भिंतीतच मज्जातंतूंचं जाळं असतं ना. आमच्या बाई बजावतात, "आठवण म्हणू नका, आठवणीसारखं म्हणा."

परवा तुझं पत्र आलं. दोन पानं नुसती टाकीच्या नळाची! वाचता वाचताच माझ्या पोटात गोळा आला. का, ते आधी कळेना. मग आठवलं. तुझी नोकरी गेली तेव्हा ते लपवून तू पानभर पंख्याचं लिहिलं होतंस. आईचा हात मोडला तेव्हा कपाटाच्या बिजागऱ्यांचं. माझ्या पोटाला तूच शिकवून ठेवलं आहेस.

आई नीट जेवते ना? वहिनीची परीक्षा कशी झाली? हे सावकाश कळव.

पण एक आधी सांग. तू लिहितोस, प्लंबर आला आणि तासाभरात नळ बसवून गेला. बाबांनी आजवर प्लंबरला दारात उभं केलेलं नाही. पाना घेऊन स्वतःच टाकीवर चढतात.

मग तो आला तेव्हा बाबा कुठे होते?

तुझी,
धाकटी