त्र्याण्णवावं घर

मलकपेठ, हैदराबाद
भाऊबीज

प्रिय योगेश,

आशीर्वाद आधीच लिहिते. पुढचं तू वाचशील न वाचशील, तेवढे तरी पोचू देत. तुला मराठी वाचायला वेळ लागतो म्हणून अक्षर मोठं आणि सुटं काढलं आहे. कुणाकडून वाचून घेऊ नकोस. रेणूला मराठी वाचता येत नाही, हे या एका पत्रापुरतं बरंच आहे. विशाखापट्टणचा हा पत्ता तुझ्या विजयनं दिला. म्हणाला, "काकू, सहा महिने झाले, नंबर लगतच नाही त्याचा. पत्ता तरी तोच आहे की नाही, काय की. खालीपिली परेशान नका होऊ." मी बरं म्हटलं.

इकडे सगळं आहे तसं आहे. बाबांचा गुडघा धरतो, जिना हळूहळू चढतात. तुमचं टेबल अजून उघडंच उभं आहे, अर्धा हॉल अडवून. जाता-येता त्याचा कोपरा बाबांच्या कमरेला लागतो, पण ते त्याला एका शब्दानं बोलत नाहीत. घडी होणारं टेबल पाहिजे म्हणून मीच हट्ट धरला होता. तुम्ही चौघं रविवारी सतरंजीवर खेळ मांडून बसायचात, जेवायच्या वेळी उठवायचं म्हणजे वाद, आणि सोमवारी केरात सोंगट्या. मी म्हटलं, या दोन खोल्यांत एक तर खेळ राहतील नाहीतर माणसं. तू म्हणालास, "आई, तुझ्या एवढ्याशा देवघरात तेवीस देव राहतात, त्यांची कधी कुरबूर ऐकली नाही. आमच्या चार घोडेस्वारांना तेवढी जागा दे की."

मग बापलेक कामाला लागलात. बाबा जन्मभर पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन, त्यांनी आधी चार नकाशे काढले. बेगम बाजारातून बिजागऱ्या आणि कड्या आल्या, पत्र्याच्या पेटीला लावतात तसल्या. मधे तीन इंच खोल हौद, त्यावर तीन फळ्यांचं झाकण; खेळ अर्धा राहिला तर हौदात तसाच मांडलेला ठेवायचा आणि वर ताटं घ्यायची. हौदाच्या तळाला लावायला हिरवं मखमल सुलतान बाजारातून मी आणलं. तुकडा चार बोटं कमी पडला तेव्हा माझ्या जुन्या ब्लाऊजचं ठिगळ लावलं, ते अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही. खेळ नसला की पाय दुमडायचे, दोन कड्या अडकवायच्या, सगळं भिंतीला चिकटून सहा इंचांत. बाबांनी पहिल्यांदा दुमडून दाखवलं आणि विचारलं, "बघा बाईसाहेब, पास का नापास?" मी म्हटलं, मधली फळी वाजते. तुम्ही दोघांनी मुकाट्यानं पुन्हा रंधा मारला. त्या दोन महिन्यांत घरभर लाकडाचा भुसा होता आणि मी एकदाही रागावले नाही. हे तुला आठवतं का?

गेल्या वर्षीच्या आषाढातल्या रविवारचं लिहिणार नव्हते, पण ते लिहिल्याशिवाय पुढचं कळणार नाही. तू, रेणू, विजय आणि बाबा बसला होतात. फासे तुझ्या हातात होते, आणि आकडा सांगावा तसं तू सांगितलंस की रेणूशी लग्नाची नोंदणी होऊन गेली आहे. ती तुझ्याहून चार वर्षांनी मोठी, आधीचं लग्न मोडलेली, आणि वर्षभर माझ्या हातचं जेवून गेलेली. मी काय काय बोलले ते तुला पाठ असेल. शेवटचं तर असेलच, की आजपासून तू आम्हाला मेलास. तू फासे न टाकता खाली ठेवलेस. जिन्यावरून रेणू वळून म्हणाली, "वेळ्ळोस्तानम्मा." जाऊन येते असं, तेवढं तेलुगू मला कळतं. मी ये म्हटलं नाही.

बाबांनी त्याच दिवशी कोण कुठल्या घरात आहे ते कागदावर टिपून झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलं आणि फळ्या लावल्या. तुझा लाल स्वार एकसष्टव्या घरात होता. हौदात खेळ आहे तोवर टेबल दुमडता येत नाही. सव्वा वर्ष झालं, ना त्यांनी तो उचलला ना मी. आम्ही दोघं एका टोकाला बसून त्याच्यावर जेवतो, आणि खाली तुमचा खेळ तसाच.

तसाच होता, असं म्हणायला हवं. यंदा घटस्थापनेला वर पाणी सांडलं. मखमल भिजलं की काय म्हणून मी मधली फळी उचलली. लाल स्वार बासष्टव्या घरात. मला वाटलं बाबांचा आकडा चुकला, आणि मनातून जरा बरंही वाटलं. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर त्रेसष्ट. तेव्हापासून घरखर्चाच्या वहीत रोज लिहिते, दूध, भाजी आणि खाली तुझं घर. एक दिवस खाडा नाही, एका दिवसात दोन घरं नाहीत. बाकीच्या तिघांच्या सोंगट्या जागच्या हललेल्या नाहीत. दोनदा मी हातानं त्याला मागे नेऊन ठेवलं. दुसऱ्या दिवशी तो जिथं असायला हवा तिथंच.

बाबांना सांगितलं. म्हणाले, "पावसात लाकूड फुगतं, त्रिवेणी. पट सरकतो." मी म्हटलं, लाकूड फुगलं तर चौघांचं फुगेल, तुमच्या लेकाचंच कसं फुगतं? त्यावर त्यांनी पेपरात तोंड घातलं. शंभराव्या घरावर तो काळा दरवाजा आहे ना, त्याचा नियम तूच मला सांगितला होतास. "जो दरवाजातून गेला तो जिंकला, आई. मग त्याला पटावरून उचलून डबीत ठेवायचं." मी तेव्हाही म्हटलं होतं, हे कसलं जिंकणं. तू खूप हसला होतास.

मग माझा संशय बाबांवरच गेला. एका सकाळी ते भाजीला गेले तेव्हा मी तांदळाचं पीठ चाळणीनं हौदात पसरलं, सगळ्या सोंगट्यांभोवती, झाकण लावलं आणि तिथंच वाती वळत बसले. जपही केला. बाबा आले, जेवले, आत जाऊन आडवे झाले. टेबलाला कुणाचा हात लागला नाही. भर दुपारी तीन वाजता, खाली रस्त्यावर रिक्षांचे हॉर्न वाजत असताना, मी फळी उचलली. स्वार एक घर पुढे होता. मागच्या घरात तो उभा होता तेवढा गोल स्वच्छ. मधल्या पिठावर रेघ नाही. त्याला उचलून पाहिलं, तर त्याच्या खालचं पीठ दबलेलंसुद्धा नव्हतं. नुसतं भुरभुरीत, आत्ताच चाळल्यासारखं. पीठ झटकता झटकता मला कळलं मी काय केलं ते. माणूस गेला की दिव्यापाशी पीठ पसरून टोपली पालथी घालतात, आणि सकाळी बघतात कुणाचं पाऊल उमटलं. तुझ्या आजोबांच्या, आबासाहेबांच्या वेळी मीच पसरलं होतं. आणि आता तुझ्या सोंगटीभोवती. गेलेल्या माणसाचं तुझ्यासाठी करायची ती माझी दुसरी वेळ होती, योगेश.

पहिली सांगण्यासाठी हे पत्र लिहिते आहे. सर्वपित्रीला मी चार पानं वाढते, आबासाहेब, सासूबाई आणि माझे आईवडील. यंदा पाच वाढली. खाली जागा कुठे, म्हणून टेबलावरच वाढली, आणि पाचवं तुझ्या बसायच्या बाजूला आलं. बाबांनी विचारलं, "हे कुणाचं?" मी म्हटलं, ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांचं. ते खोटं होतं. सव्वा वर्षात तुझी एक ओळ नाही म्हणून राग धुमसत होता, आणि वाढताना मी मनात तुझं नाव घेतलं. माझ्या जिवंत लेकराचं. आपल्या गच्चीवर कबुतरंच फार, कावळ्यासाठी पाऊण तास ताटकळावं लागतं. यंदा पानं वर नेली तर तो पाण्याच्या टाकीवर आधीच बसला होता. मी पानं ठेवून सरळ होते न होते तोच उतरला, चार पानं ओलांडून गेला आणि पाचव्यातला वडा उचलला. त्या क्षणी मला बरं वाटलं. हे मी देवापुढेही बोललेले नाही. दुसऱ्या दिवशीपासून स्वार चालू लागला. आज सकाळी तो त्र्याण्णवाव्या घरात होता. सात उरली, आणि पत्राला पोचायला तीन-चार दिवस. तुम्ही दोघं या असं लिहायला हात धजत नाही, आणि क्षमा कुठल्या तोंडानं मागू. तुझे बाबा दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन हयातीचा दाखला देतात, मी आहे म्हणून सही करून येतात. मला तेवढंच हवं आहे. पत्राची पोच मागवली आहे. पोस्टमन पुढे करील त्यावर सही कर, खाली तारीख घाल. रेणूला करू देऊ नकोस. तिची सही आली तर मी काय समजायचं?

तुझीच म्हणवून घेणारी,
आई