दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात

बोरिवली (पूर्व),
रविवार, दुसरा चहा झाल्यावर

तीर्थस्वरूप अण्णा,

इथून दोन्ही हात जोडून, आणि कंबर वाकत नसल्यामुळे साष्टांगातली बाकीची अंगं मनातल्या मनात टेकवून, तुम्हाला आणि वहिनींना नमस्कार. गुडघा कसा आहे? वैद्यांनी दिलेलं तेल तुम्ही गुडघ्याला न लावता विहिरीच्या पंपाला लावलंत आणि पंपाची कुरकुर थांबली, असं मागच्या पत्रात होतं. पंपाला आराम पडला हे वाचून बरं वाटलं, पण थोडं गुडघ्यालाही लावून बघा. इकडे सगळे मजेत. निहार बंगळूरलाच आहे, नीला ठणठणीत, आणि माझे डोळे वयाप्रमाणे. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि तुम्ही ते कबूल न करता "हो, हो, छान" म्हणत राहता. मागे मी सोसायटीत तीन दिवस पाणी नाही म्हणून सांगत होतो आणि तुम्ही माझं अभिनंदन केलंत.

आता मुद्दा. मुद्दा गाडीचा आहे. (घाबरू नका. चारही चाकं जागेवर आहेत.) तुम्ही कालव्याच्या कामावरून निवृत्त होऊन गावी गेलात तेव्हा ही गाडी माझ्या हवाली केलीत आणि दोन अटी घातल्यात. एक, मला विचारल्याशिवाय तिचा नटसुद्धा हलवायचा नाही. दोन, ज्या दिवशी तू चालवणं थांबवशील त्या दिवशी परत आणून माझ्या अंगणात उभी करायची. दुसऱ्या अटीचा प्रश्नच येत नाही. पहिलीसाठी हे पत्र.

आपली गाडी ऑटोमॅटिक, पण सत्तावीस वर्षांची. चिखलात, ओढ्यात, दगडगोट्यांत हत्तीसारखी चालते (हे मी तुमच्या तोंडून ऐकलंय, बोरिवलीत ओढे राहिलेले नाहीत, सोसायटीतले खड्डे तेवढे आहेत), फक्त गिअर पडायला वेळ घेते. लिव्हर 'डी'मध्ये टाकली तरी बाईसाहेब जागच्या हलत नाहीत. तुम्ही शिकवलेलं आम्ही इमानेइतबारे पाळतो. 'डी'मध्ये टाकायचं, ब्रेकवरचा पाय काढायचा, मोठ्याने 'गणपती बाप्पा' म्हणायचं, आणि 'मोरया'ला गाडी निघते. आजवर एकदाही चुकलेली नाही. वॉचमनला वाटतं आम्ही फार धार्मिक आहोत. दुसरी खोड तुम्हाला ठाऊकच आहे. दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना ती अडून बसते, इंजिन नुसतं कोकलतं. मग नेमका सूर लागला की अॅक्सिलरेटरवरचा पाय क्षणभर उचलायचा, तेव्हा तिसरा पडतो. लवकर उचलला तर पडत नाही, उशिरा उचलला तर असा धक्का बसतो की डॅशबोर्डवरचा गणपती मांडीवर येतो.

तर अंधेरीला नंदकिशोर म्हणून एक मेकॅनिक आहे. फक्त ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडतो, बाकी गाडीकडे बघतही नाही. (त्याच्याकडे गेलो तेव्हा आपलं मागचं चाक पंक्चर होतं. म्हणाला, काका, ते माझं खातं नाही.) त्याचं म्हणणं, गिअरबॉक्सच्या आत तेलाचा दाब खेळवणाऱ्या झडपा असतात, त्यांत नव्या स्प्रिंगांचं एक किट बसवायचं. मग गिअर खटाखट पडतील, वाट बघणं नाही, पाय उचलणं नाही, आणि गिअरबॉक्सचं आयुष्यही वाढेल. वाईट एवढंच, की गिअर पडताना अंगाला जरा कळतं. निहारला विचारलं तर त्याने मोबाईलवर चौदा व्हिडिओ पाठवले. सात जण म्हणतात, लगेच बसवा. सात जण म्हणतात, जुन्या गाडीला हात लावाल तर वाट लागेल. चौदाही जणांनी टोप्या उलट्या घातल्या होत्या, त्यामुळे कुणावर विश्वास ठेवावा कळेना.

नंदकिशोर म्हणाला, काका, डोकं पिकवू नका, चालवून बघा. आपल्यासारखीच एक गाडी, तेच किट बसवलेली, मढला आहे. तिथे बंगल्यांवर शूटिंगं चालतात, त्यांचं सामान वाळूतून ओढायला ती वापरतात. मागच्या मंगळवारी सकाळी नंदकिशोरला घेऊन आम्ही दोघं मढला गेलो. मालक सज्जन माणूस, किल्ली लगेच हातात दिली. मी स्टिअरिंगवर, नीला शेजारी, नंदकिशोर मागे. समोर मोकळी वाळू, आणि त्यापुढे कोळणींनी बांबूंवर बोंबील वाळत घातलेले. मी सवयीने लिव्हर 'डी'मध्ये टाकली, सवयीने ब्रेकवरचा पाय काढला आणि सवयीनेच डोळे मिटून 'गणपती बाप्पा' म्हणायला तोंड उघडलं.

अण्णा, 'गण' एवढंच झालं. 'पती' म्हणेपर्यंत आम्ही बोंबलांत होतो.

गाडीला ओरखडा नाही. बांबू मात्र पाच आडवे. टपावर बोंबील, काचेवर बोंबील, आरशाला एक बोंबील लटकलेला. सगळ्यात आधी नंदकिशोर बोलला, "देखा काका? पिकअप!" मग एक आजीबाई कमरेवर हात ठेवून आल्या. मला वाटलं, आता आपली धडगत नाही. पण त्यांनी खिडकीतून वाकून आधी विचारलं, "लागलं नाय ना कोनाला?" मला इतकं भरून आलं की काय सांगू! (नंतर त्यांनी जे ऐकवलं ते वडीलधाऱ्यांना लिहिण्यासारखं नाही.) वाळूत पडलेले सगळे बोंबील आम्हीच घ्यायचे असं ठरलं. दोन गोणी भरल्या. लिफ्टमधून त्या वर नेल्या त्याला आज पाच दिवस झाले, तरी लिफ्टमध्ये शिरलं की मढला आल्यासारखं वाटतं. आमचे सेक्रेटरी शरच्चंद्र प्रधान, कडक शाकाहारी, त्यांनी नोटीस लावली आहे की 'अज्ञात सभासदाने' खुलासा करावा. मी ती नोटीस सगळ्यांबरोबर उभं राहून वाचली आणि मान हलवत "काय एकेक लोक असतात!" असं म्हणून आलो. त्यातली एक गोणी तुमच्यासाठी ठेवली आहे.

तर प्रश्न असा, की किट बसवावं की बसवू नये? शिमग्याला गावी यायचं म्हणजे घाट चढायचा आहे. नंदकिशोर म्हणतो, तशी घाई नाही, गिअरबॉक्सचं तेल त्याने परवा बदललं, आणि पाय वेळेवर उचलला तर पाच वर्षं काही होत नाही. गाडी तुमची, शब्द तुमचा. तुम्ही म्हणाल ते करीन. वहिनींनी पाठवलेली कुळथाची पिठी संपली आहे, हे मागण्यासाठी लिहीत नाही, माहितीसाठी लिहितोय.

तुमचा धाकटा,
राजाराम

ता. क. सकाळपासून पाकीट चिकटवतोय आणि उघडतोय. अण्णा, तुमच्याशी आयुष्यात एकदाच खोटं बोललो होतो, काजू चोरले तेव्हा, आणि तेव्हाही तुम्हाला कळलं होतं. म्हणून सांगून टाकतो. वर जिथे जिथे 'मी स्टिअरिंगवर' लिहिलंय तिथे 'नीला' वाचावं. लिव्हर तिने टाकली, पाय तिने काढला. डोळे मात्र मीच मिटले होते. दिवाळीनंतर डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही, आणि मुंबईत जे काही येतं ते बाजूनेच येतं. गाडी चालवणं बंद म्हणाले, कायमचं. नीलाने बँकेत असताना लायसन्स काढलं होतं, ते कामी आलं. तुमची दुसरी अट मी विसरलेलो नाही. पण गाडी घेऊन जाऊ नका, एवढी विनंती.

आणखी एक ता. क. खरी विनंती ती नव्हे. खरी ही. किट बसवायचं नीलाच्या मनात आहे. ते बसवू नये म्हणून तुम्ही तिला वेगळं पत्र लिहा. माझं ऐकत नाही, तुमचा शब्द मोडणार नाही. कारण विचाराल, तर सांगायला लाज वाटते, पण सांगतो. नीलाला अजून तो सूर कळत नाही. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिन कोकलायला लागलं की ती समोर बघत राहते, मी शेजारी बसून कान लावतो, आणि बरोबर वेळेला "आता!" म्हणतो. ती पाय उचलते, गिअर लोण्यासारखा पडतो. मी काही चालवत नाही अण्णा, पण तेवढं एक माझं काम आहे. ते किट बसलं की गिअर आपोआप पडणार. मग मी त्या गाडीतली तिसरी गोणी. तीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला हे फार लागतं हो. हसू नका. आणि हे नीलाला कळता कामा नये. पाकीट पोस्टात टाकायला तिच्याकडेच देतोय, पण चांगलं दोनदा चिकटवलं आहे.

अण्णा भावोजी, नमस्कार. मी नीला. दोनदा चिकटवलेलं पाकीट वाफेवर एकदाच धरावं लागतं. यांचे डोळे गेल्याचं तुमच्यापासून लपवलं, त्याबद्दल मला माफ करा, मला ते पटलं नव्हतं. किटचं म्हणाल तर मढला बोंबलांत शिरले त्याच क्षणी मी तो नाद सोडला. तरी "किट नको" असं मला कडक शब्दांत जरूर लिहा, मी यांच्यादेखत मोठ्याने वाचीन आणि थोडं नाक मुरडीन. तो सूर मला कळत नाही असं यांनी लिहिलंय. मला तो पहिल्याच आठवड्यात कळला होता. पण हे "आता" म्हणेपर्यंत मी पाय उचलत नाही. परवा अंधेरीहून तेल बदलून येताना यांचा डोळा लागला. गोरेगावच्या पुलापासून गाडी दुसऱ्या गिअरमध्ये कोकलत होती, रिक्षावाले वळून वळून बघत होते, मागचे शिव्या घालत होते. कांदिवलीला यांना जाग आली, दचकून "आता!" म्हणाले, आणि मग मी पाय उचलला.